पृथ्वी गोल आहे, पण कोणाच्या शब्दावर?

गेले काही महिने इंदूरच्या मराठी घरांत एक वाद रंगला आहे आणि तो ज्या रीतीने घातला जातो आहे ती पाहून मी अस्वस्थ आहे. पृथ्वी सपाट असल्याचे सांगणारी एक हिंदी चित्रफीत मोबाइलवरून फिरली. क्षितिज सपाट दिसते, पाणी नेहमी समपातळीत राहते, अंतराळातले फोटो संगणकावर बनवता येतात, असा तिचा युक्तिवाद. त्यावर एकीकडून उत्तर आले की नासाचे फोटो पाहा, इस्रोचे पाहा, शाळेत काय शिकलात? दुसरीकडून आले की आमच्या पूर्वजांना हे हजारो वर्षांपूर्वीच ठाऊक होते, परक्यांनी शिकवायची गरज नाही. गणेशोत्सवातल्या एका वक्तृत्व स्पर्धेत नववीतल्या मुलीने सरळच विचारले, ‘फोटो खरा आहे हे तुम्हाला कसे कळले?’ व्यासपीठावरच्या मोठ्यांनी ‘विज्ञानाने सिद्ध केले आहे’ एवढे सांगून तिला खाली बसवले. त्या मुलीवर अन्याय झाला. या सबंध वादात कोणी विचारलेला तो एकमेव चांगला प्रश्न होता.

माझे म्हणणे आधीच मांडतो. पृथ्वी गोल आहे, ध्रुवांपाशी जराशी दबलेली आहे, आणि याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण या वादातले तिन्ही पक्ष एकाच गोष्टीवर भांडत आहेत, ती म्हणजे कोणी सांगितले. चित्रफीतवाला सांगतो, नासा सांगते, आर्यभट सांगतात. जे सत्य आपण कोणाच्या शब्दावर घेतो ते उद्या दुसऱ्या कोणाच्या शब्दाने काढून घेता येते. चित्रफीत नेमके हेच करते आहे आणि तिला उत्तर देणाऱ्यांनी तिचेच हत्यार हातात घेतले आहे. पृथ्वीचा आकार ही तर अशी गोष्ट आहे की ती कोणाच्याही शब्दावर घ्यावी लागत नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो वजनदार आहे आणि मला तो मान्य आहे. प्रत्येकाने प्रत्येक गोष्ट स्वतः पडताळायची म्हटले तर जगणे अशक्य होईल. डॉक्टरने लिहून दिलेली गोळी आपण प्रयोगशाळेत तपासून घेत नाही, पुलावरून जाताना त्याचे हिशेब मागत नाही. ज्ञान वाटून घ्यावे लागते आणि वाटून घ्यायचे तर विश्वास ठेवावा लागतो. खरे आहे. पण हा विश्वास आंधळा नसतो, तो अनुभवावर उभा असतो. गोळीने ताप उतरलेला आपण पाहिलेला असतो. ज्या मुलाने विज्ञानाचे एकही मोजमाप स्वतःच्या हाताने केलेले नाही, त्याचा विज्ञानावरचा विश्वास कशावर उभा राहणार? दहा गोष्टी विश्वासाने घ्यायच्या तर एखादी तरी मोजून घेतलेली असावी, आणि त्यासाठी पृथ्वीच्या आकाराइतकी स्वस्त, घरच्या घरी मोजता येणारी गोष्ट दुसरी नाही.

आता सपाट पृथ्वीवाल्यांचा सर्वांत बळकट मुद्दा घेऊ. तो पाण्याचा. पाणी समपातळीत राहते, हे त्यांचे म्हणणे अगदी बरोबर आहे. राजेंद्रनगरकडे कुठल्याही नव्या बांधकामावर जाऊन पाहा. गवंडी ओळंबा सोडतो, दोरी डोलायची थांबेपर्यंत वाट पाहतो, मग भिंतीपासून तिचे अंतर वर आणि खाली तपासतो. पातळी काढायला पारदर्शक नळीत पाणी भरतो, नळीला टिचक्या मारून बुडबुडे काढतो, तिची दोन टोके खोलीच्या दोन कोपऱ्यांत धरून पेन्सिलीने खुणा करतो. नळीतले पाणी त्याला काय सांगते? एवढेच, की पाण्याचा पृष्ठभाग ओळंब्याच्या दोरीशी काटकोन करून राहतो. तो मैलोन्‌मैल सरळ जातो असे पाणी कुठेच सांगत नाही. दोन ठिकाणचे ओळंबे एकमेकांना समांतर असतील तरच पाणी सरळ राहील. खोलीच्या दोन कोपऱ्यांतले ओळंबे डोळ्याला समांतर दिसतात, कारण दहा मीटरच्या अंतरात वक्रतेने पडणारा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढाही नसतो. इंदूरचा ओळंबा आणि ग्वाल्हेरचा ओळंबा यांच्यात मात्र, दोन्ही शहरांमधल्या तिरक्या अंतरामुळे, सुमारे चार अंशांचा कोन असतो.

इंदूरकरांना हे कळायला तर अजिबात अवघड जाऊ नये, कारण आपल्या नळाला नर्मदेचे पाणी येते ते जलूदहून, सुमारे सत्तर किलोमीटरच्या नळमार्गाने, डोंगर चढून. इतक्या अंतरावर पातळीत धरलेली दृष्टिरेषा सरळ पुढे नेली तर दुसऱ्या टोकाला ती खऱ्या पातळीपेक्षा जवळपास ३८५ मीटर वर निघालेली असेल. म्हणून लेव्हलिंग करणारा, म्हणजे जमिनीची उंच-सखल पातळी मोजणारा, माणूस सगळे अंतर एका दमात पाहत नाही. तो लहान लहान टप्पे घेतो आणि यंत्र दोन स्टाफच्या, म्हणजे उभ्या मोजपट्ट्यांच्या, मधोमध उभे करतो, म्हणजे मागचा आणि पुढचा फरक सारखा होऊन एकमेकांतून वजा होतो. पृथ्वीच्या वक्रतेचा हिशेब त्याच्या कामाच्या रीतीतच मुरलेला असतो. पाण्याचा मुद्दा सपाट पृथ्वीची बाजू घेत नाही. तो नीट शेवटपर्यंत नेला तर पृथ्वीचा खरा आकार मोजण्याची तीच सर्वांत चांगली वाट ठरते, आणि तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

गोल पृथ्वीच्या बाजूने लोक ज्या प्रयोगाचा दाखला देतात तो सावलीचा. इजिप्तमध्ये एराटोस्थेनिसने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात केलेला. तो आपल्याला आपल्याच दोन शहरांत करता येतो. कर्कवृत्त २३ अंश २६ कलांवर आहे (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आणि इंदूर त्याच्या दक्षिणेला, २२ अंश ४३ कलांवर. त्यामुळे वर्षातून दोनदा, ७ जूनच्या आसपास आणि पुन्हा जुलैच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस, सूर्य भर मध्यान्ही इंदूरच्या बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. ग्वाल्हेर २६ अंशांच्या पुढे, कर्कवृत्ताच्या उत्तरेला, तिथे सावली कधीच नाहीशी होत नाही. ज्या दिवशी इंदूरला सावली शून्य, त्या दिवशी ग्वाल्हेरला एक मीटर काठीची सावली सुमारे सहा सेंटिमीटर पडते. म्हणजे निव्वळ उत्तर-दक्षिण दिशेत साडेतीन अंशांचा कोन. दोन्ही शहरांमधले उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ३८८ किलोमीटर. साडेतीन अंशांना ३८८, तर ३६० अंशांना किती? चाळीस हजार किलोमीटरच्या आसपास.

झाले सिद्ध? नाही. आणि इथेच बहुतेक विज्ञानप्रेमी घाई करतात. सपाट पृथ्वीवाला म्हणेल की जमीन सपाटच आहे, सूर्य फक्त जवळ आहे, म्हणून दोन गावी सावल्या वेगळ्या पडतात. दोन काठ्यांच्या पुराव्यावर त्याचे हे म्हणणे खोडता येत नाही. प्राचीन चीनमधल्या ज्योतिषांनी हेच केले होते. जमीन सपाट धरून सावल्यांच्या फरकावरून त्यांनी सूर्याची उंची काढली होती, आणि दर हजार ‘ली’ अंतराला सावली एक ‘त्सुन’ बदलते (ही दोन्ही जुनी चिनी लांबीची मापे) असा नियमच बसवला होता. तो नियम पडला तो ई-शिंग या बौद्ध भिक्षूच्या पुढाकाराने इसवी सन ७२४ च्या सुमारास झालेल्या मोजणीत, जेव्हा उत्तर-दक्षिण दूरवर पसरलेल्या अनेक ठिकाणी सावल्या मोजल्या गेल्या आणि फरक सर्वत्र सारखा येईना. तिसरी काठी लागते ती यासाठी. ग्वाल्हेरच्या सावलीवरून, जमीन सपाट धरून, सूर्याची उंची काढली तर ती सुमारे ६,३०० किलोमीटर येते. त्याच दिवशीच्या मध्यान्हीची सावली इंदूरच्या जवळपास सरळ उत्तरेला असलेल्या रशियातल्या ओम्स्क शहरात मोजली तर तोच हिशेब ५,७०० च्या आत उंची दाखवतो. एकच सूर्य, एकच दिवस, आणि दोन उंची? पृथ्वी गोल आणि सूर्य फार दूर धरला की तिन्ही काठ्या एकाच परिघावर येऊन बसतात.

हेही कोणाला किचकट वाटत असेल तर त्याने अगस्ती पाहावा. अगस्ती ऋषींनी विंध्य ओलांडून दक्षिणेची वाट धरली ही कथा आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असते, आणि त्यांच्या नावाचा तारा खरोखरच दक्षिणेचा आहे. इंदुरात तो जास्तीत जास्त साडेचौदा अंश वर येतो, ग्वाल्हेरला अकरा, कन्याकुमारीला एकोणतीस. श्रीनगरहून तो क्षितिजाला घासून जातो आणि ओम्स्कला उगवतच नाही. सपाट जमिनीवर दूरचा तारा खाली खाली दिसेल, फिका दिसेल, हे समजू शकते. पण जमिनीच्या वर असलेला तारा सपाट जमिनीआड जाईल कसा? आड यायला मध्ये काहीतरी यावे लागते, आणि जे मध्ये येते ते पृथ्वीचे पोट.

आता दुसरा पक्ष, पूर्वजांचा. त्यांचे म्हणणे पोकळ नाही. आर्यभटांनी इसवी सन ४९९ च्या ग्रंथात पृथ्वीला गोल म्हटले, तिचा व्यास दिला, ती स्वतःभोवती फिरते हेही सांगितले. लल्ल या जुन्या ज्योतिषाने विचारले की जमीन सपाट असती तर ताडासारखी उंच झाडे दुरून का दिसत नाहीत? भास्कराचार्यांनी ११५० साली, सपाट दिसते म्हणून सपाट, या आक्षेपाला दिलेले उत्तर आजही तसेच्या तसे वापरावे असे आहे. परिघाचा शंभरावा भाग सपाटच भासतो, पृथ्वी प्रचंड आणि माणूस अगदी लहान, म्हणून त्याला ती सपाट दिसते. पुढे त्यांनी परीघ मोजायची रीतही दिली. एकाच रेखेवरच्या दोन नगरांचे अक्षांश काढा, मधले अंतर मोजा आणि त्रैराशिक मांडा. ग्वाल्हेर-इंदूरचा वरचा हिशेब हाच आहे. आपल्यापासून पंचावन्न किलोमीटरवर असलेली उज्जैन तर त्यांच्या गणिताची मूळ रेखा. विषुववृत्तापासून परिघाच्या सोळाव्या भागावर अवंती, म्हणजे उज्जैन, आहे असे ते लिहितात, म्हणजे साडेबावीस अंश. आज मोजले तर तेवीसच्या जरासे वर येते.

पण पूर्वज म्हणजे एक आवाज नव्हता, हे सांगायचे राहून जाते. त्याच परंपरेतली पुराणे पृथ्वीला मेरूभोवती पसरलेली, सात द्वीपे आणि सात समुद्रांची चकती मानतात. लल्ल आणि भास्कराचार्य ज्यांच्याशी वाद घालत होते ते कोणी परके नव्हते, आपलेच होते. आर्यभटांचे पृथ्वी फिरण्याचे मत उज्जैनच्याच वराहमिहिरांनी नाकारले. पृथ्वी फिरत असती तर आकाशात उडालेले पक्षी आपल्या घरट्यांकडे परतले नसते, हा त्यांचा आक्षेप. ब्रह्मगुप्तही विरोधात होते. मग ‘पूर्वजांनी सांगितले’ म्हणून कोणाचे ऐकायचे? दोघेही पूर्वजच आहेत. निवड करायला शेवटी काठी आणि सावलीकडेच यावे लागते, आणि त्या थोर माणसांनी तेच केले.

हा वाद माळव्यात मराठीतून एकदा झालेला आहे आणि तो आपण विसरलो याचे मला वाईट वाटते. १८३० च्या दशकात भोपाळजवळच्या सीहोरला लान्सलॉट विल्किन्सन हा ब्रिटिश अधिकारी होता. तिथल्या पाठशाळेत भास्कराचार्यांचे सिद्धान्त, म्हणजे ज्योतिषाचे गणिती ग्रंथ, शिकवावेत असा त्याने आग्रह धरला. त्याचा हेतू निव्वळ विद्यादानाचा होता असे मानायची गरज नाही. राज्यकर्त्याचे स्वतःचे हिशेब असतातच. पण त्याच्या सहवासातल्या सुबाजी बापू या मराठी पंडितांनी जे केले ते मोलाचे आहे. त्यांनी पुराणांचे मत, सिद्धान्तांचे मत आणि कोपर्निकसचे मत शेजारी शेजारी ठेवून, कोणते का टिकते याची चर्चा करणारा ग्रंथ मराठीत लिहिला. पंडितमंडळींत त्यावरून मोठे वादळ उठले, कोणी खंडन लिहिले, कोणी पुराणे आणि सिद्धान्त यांत विरोधच नाही असे दाखवायचा खटाटोप केला. सुबाजी बापू परंपरेचेच अभ्यासक होते आणि म्हणूनच त्यांना तिच्यातले कोणते मत मोजणीला उतरते हे विचारायचा हक्क वाटला. आज पावणेदोनशेहून अधिक वर्षांनी आपण त्यांच्या मागे जाऊन उभे आहोत.

चित्रफितीतला शेवटचा टोला असा की शास्त्रज्ञांचेच एकमत नाही, आधी गोल म्हणाले, मग संत्र्यासारखी चपटी म्हणाले, आता ओबडधोबड म्हणतात. यातला तपशील बहुतांशी खरा आहे, काढलेला अर्थ चुकीचा. १६७२ मध्ये झां रिशे हा फ्रेंच माणूस विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला आणि त्याचे लंबकाचे घड्याळ तिथे दिवसाला अडीच मिनिटे मागे पडू लागले. न्यूटनने १६८७ मध्ये त्याचा अर्थ लावला की स्वतःभोवती फिरणारी पृथ्वी मध्यावर फुगलेली आहे, तिथे ओढ कमी पडते. फ्रान्समधल्या कासिनी या खगोलज्ञांच्या घराण्याची मोजणी उलट सांगत होती, पृथ्वी ध्रुवांकडे लांबट आहे. हा वाद दोन देशांच्या अभिमानाचा होऊन बसला होता. मग पॅरिसच्या अकादमीने काय केले? एक तुकडी विषुववृत्ताजवळ पेरूकडे धाडली, एक उत्तर ध्रुवाकडच्या लॅपलँडच्या बर्फात. तिथल्या गोठलेल्या नदीवर पट्ट्या मांडून पायारेषा, म्हणजे पुढच्या सगळ्या मोजणीचा आधार असलेली पहिली रेषा, मोजली गेली. अक्षांशाचा एक अंश जमिनीवर ध्रुवाकडे जास्त लांब निघाला, न्यूटन बरोबर ठरला. फ्रेंचांनी स्वतःच्या पैशाने, स्वतःची माणसे जोखमीत घालून, आपल्याच देशातल्या मोठ्या घराण्याचे म्हणणे चूक ठरवले आणि निकाल छापला. अभिमान बाळगायचा तर अशा वागण्याचा बाळगावा.

कोणी म्हणेल, इंदूर-ग्वाल्हेरचे अंतर तुम्ही नकाशावरून घेतलेत, मग तोही कोणाचा तरी शब्दच. रास्त शंका आहे. ते अंतर माणसांनी जमिनीवर मोजलेले आहे. विल्यम लँबटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ साखळीने पायारेषा मोजली आणि त्रिकोणामागून त्रिकोण जोडत तो उत्तरेकडे निघाला. एकवीस वर्षांनी वर्ध्याजवळ हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला, त्याची कबर तिथेच आहे. पुढचे काम जॉर्ज एव्हरेस्टने आपल्या मध्य प्रदेशात आणले. विदिशा जिल्ह्यातल्या सिरोंजजवळचे कल्याणपूर हे त्या मोजणीचे प्रमुख ठाणे झाले, आणि पुढे भारताच्या नकाशांचा आरंभबिंदूही तेच ठरले. तिथून उत्तरेला मुझफ्फरनगरजवळच्या कलियाना गावापर्यंतचे सुमारे सहाशे किलोमीटर अंतर दोन रीतींनी काढले, त्रिकोणांनी आणि ताऱ्यांच्या वेधांनी. दोन्हींत ५.२४ विकलांचा फरक आला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग). जमिनीवर तो १६० मीटर. सहाशे किलोमीटरांत १६० मीटर, कोणीही सोडून दिले असते. त्यांनी सोडले नाही. कलकत्त्याचे धर्मगुरू आणि गणिती जॉन प्रॅट यांनी विचार केला की वेध घेताना यंत्र ओळंब्याने उभे करतात, आणि शेजारचा अवाढव्य हिमालय ओळंब्यालाच आपल्याकडे ओढत असेल. १८५५ मध्ये त्यांनी ती ओढ गणिताने काढली तर ती प्रत्यक्षातल्या फरकाच्या तिप्पट आली. म्हणजे हिमालय दिसतो तेवढा ओढत नाही. त्याच वर्षी जॉर्ज एअरी या इंग्रज खगोलज्ञाने सुचवले की पर्वतांना खाली हलक्या खडकाची खोल मुळे असली पाहिजेत. गवंड्याच्या ओळंब्यातल्या एवढ्याशा झुकावाने हिमालयाच्या पायाखाली काय आहे ते सांगितले.

पाण्याच्या मुद्द्याकडे परत येतो. ओळंब्याला सर्वत्र काटकोनात राहणारा, सरासरी समुद्रपातळीचा जो पृष्ठभाग, त्याला जिऑइड म्हणतात, आणि पृथ्वीचा खरा आकार म्हणजे हाच. तो गुळगुळीत नाही, कारण खालचा खडक कुठे जड, कुठे हलका. श्रीलंकेच्या दक्षिणेला समुद्राची पातळी हिशेबातल्या आदर्श पृष्ठभागापेक्षा सुमारे १०६ मीटर खाली आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०२३ मध्ये तिचे कारण पृथ्वीच्या पोटातून वर येणाऱ्या गरम, हलक्या द्रव्यात दाखवले. मध्य भारतात हा फरक पन्नास-साठ मीटरच्या घरात आहे, म्हणून उपग्रहावरून मिळालेली कच्ची उंची आणि समुद्रसपाटीपासूनची उंची इंदुरात जुळत नाही, ती जुळवून घ्यावी लागते. ओबडधोबड बटाट्याची जी चित्रे फिरतात त्यांत हा खडबडीतपणा हजारो पटींनी वाढवलेला असतो. शाळेतला तीस सेंटिमीटरचा पृथ्वीगोल घ्या. त्यावर विषुववृत्ताचा फुगवटा एक मिलिमीटर, एव्हरेस्ट एक पंचमांश मिलिमीटर आणि जिऑइडचा तो सर्वांत खोल खड्डा मिलिमीटरच्या चारशेव्या भागाएवढा. दर दुरुस्ती आधीच्या उत्तराच्या आतली आहे. न्यूटनने गोल मोडून सपाट केला नाही, जिऑइडने न्यूटनला खोटे पाडले नाही. सपाट पृथ्वीला या क्रमात कुठेच जागा नाही.

उरला तो चेष्टेचा मार्ग. मूर्खांच्या नादी कशाला लागायचे, हसा आणि सोडून द्या. माझे काही स्नेही हे म्हणतात आणि त्यांचा वैताग मला समजतो. पण हसून कोणाचे मत बदलल्याचे मी पाहिलेले नाही, आणि ऐकणाऱ्यांत ती नववीतली मुलगी असते. तिला आपण शिकवतो ते इतकेच, की प्रश्न विचारला की लोक हसतात.

म्हणून माझी इंदूर, ग्वाल्हेर आणि बडोद्याच्या मराठी मंडळांना, शाळांना विनंती आहे. येत्या ७ जूनच्या आसपास, शाळांना सुटी असली तरी उन्हाळी शिबिरे चालू असतात, तेव्हा मुलांना गच्चीवर न्या. पाऊस बहुधा लागलेला नसतो, जुलैतला दिवस ढगांत जातो. एक मीटरची सरळ काठी ओळंब्याने उभी करा. इंदूरला खरी मध्यान्ह घड्याळात साधारण १२ वाजून २५ मिनिटांनी होईल, ग्वाल्हेरला नऊ-दहा मिनिटे आधी, बडोद्याला दहा-अकरा मिनिटे नंतर, आणि हा वेळेचा फरक पृथ्वीच्या पूर्व-पश्चिम गोलाईचा आहे, तोही मुलांनीच टिपावा. ग्वाल्हेरने आपली सावली फोनवर कळवावी. काठीच्या टोकाची सावली पुसट पडते, कारण सूर्य बिंदू नसून अर्ध्या अंशाची तबकडी आहे, त्यामुळे चार-पाच मिलिमीटर इकडेतिकडे होणारच. सहाऐवजी साडेपाच सेंटिमीटर आली तर परीघ ४४ हजार किलोमीटरच्या पुढे जाईल. तसे झाले तर पुस्तकातला आकडा सांगून मुलांना गप्प करू नका. काठी तिरपी होती का, वेळ चुकली का, सावलीची कड कुठली धरली, हे त्यांनाच शोधू द्या. आणि ज्यांनी ती चित्रफीत पाठवली त्यांनाही गच्चीवर आवर्जून बोलवा, फूटपट्टी त्यांच्याच हातात द्या.